चार सूत आखूड

झांबऱ्यांची मर्सिडीज मागून बसते,
असा निरोप घेऊन पोरगा आला तेव्हा
मी ट्रॅक्टरचा जॅक खोलून बसलो होतो,
हात कोपरापर्यंत तेलात.
बसते म्हणजे कशी? मी विचारलं.
रात्री उभी केली की सकाळी बसलेली असते,
की इंजिन चालू असतानाही उठत नाही?
ही दोन दुखणी वेगळी आहेत, बाबा.
पोरगा म्हणाला, म्हशीसारखी बसते.

सावद्यात केळीच्या गोदामात होती ती,
माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान,
रंग शिळ्या ताकाचा.
धाकटे झांबरे म्हणाले, सुभानभाऊ, इंदूरचं गिऱ्हाईक आहे,
रविवारी येतंय, गाडी सरळ उभी दिसली पाहिजे.
दिसली पाहिजे.
चालली पाहिजे असं नाही म्हणाले.

बॉनेटखालच्या डब्यातली कांडी काढून बघितली:
तेल खुणेवर, जळका वास नाही.
परतीची नळी सोडली, पोराला म्हटलं, मार सेल.
बोटावर धार आली, न तुटणारी. पंप जिवंत.
मागच्या शॉकअपवरून चिंधी फिरवली, कोरडी आली.
मग डिकीत दोन हमाल बसवले, मांडीवर केळीचे घड,
आणि इंजिन चालू ठेवून थांबलो.
गाडी आणखी दबली,
मग हळूहळू उठली,
जिथे आधी होती तिथेच येऊन थांबली.
म्हणजे तिला उठता येत होतं.
ती उठत नव्हती, कारण तिला वाटत होतं
आपण उठलोच आहोत.
हमाल म्हणाले, बसू का अजून?

गाडीखाली पोतं अंथरून अंग टाकलं.
मे महिना, फरशीला ताप.
मागच्या आडव्या सळईपासून करंगळीएवढी एक दांडी
वरच्या व्हॉल्व्हला जाते.
सगळा कारभार तिचा.
ओझं आलं की सांगते, दबली. व्हॉल्व्ह तेल सोडतो.
पातळीवर आली की सांगते, पुरे.
ही दांडी चार सूत आखूड होती.
ती आधीच पुरे म्हणत होती.

मला वाटलं, तुटली असेल, कुणी वेळ मारून नेली असेल,
आपल्याकडे तारेनं काय बांधत नाहीत.
पण नाही.
कापून, कानशीनं घासून, नवे आटे पाडलेले,
नटावर नट आवळलेला, त्यावर ग्रीस,
ग्रीसवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, धूळ जाऊ नये म्हणून.
बिघाड इतका नीटनेटका नसतो.

गाडीखालूनच विचारलं, हात कोणाचा होता हिला?
दारात थोरल्या बाईंची चप्पल दिसत होती.
भिका, न्हावीचा, त्या म्हणाल्या.
त्यायले अर्धांग झाला ना, तवा पाय उचलत नव्हता.
भिका म्हने, मालकाले वर चढवन्यापरी
गाडीच खाली आनतो.

धाकट्यांना हे ठाऊक नव्हतं.
किती वेळ लागेल, एवढंच विचारलं त्यांनी.

अर्धा तास लागला.
नवी दांडी बसवली, सेल मारला,
मागचं अंग सावकाश वर आलं, खिडकीची रेघ सरळ झाली.
बाईंनी मागचं दार उघडून पाहिलं,
बसल्या नाहीत.
जुनी दांडी त्यांनी मागितली नाही, मीही दिली नाही.
माझ्या डब्यात आहे, दहा-अकराच्या पान्याशेजारी.

एक मात्र धाकट्यांना सांगितलं होतं.
मागच्या चाकांपाशी दोन गोळे आहेत, बेलफळाएवढे,
आत रबरी पडदा, पडद्याआड कोंडलेला वायू.
पडदे फाटलेत.
उभी सरळ राहील, पण खड्ड्यात दगडासारखी आपटेल.
ते म्हणाले, गिऱ्हाईक फक्त बघणार आहे.

रविवारी दुपारी माझ्या दुकानासमोरच्या गतिरोधकावर
ती आपटली. तोंड वर न करता आवाज ओळखला.
भिकानं तिरपी घेतली असती.