अठराची रिंग

मोहाडीच्या पॅकहाउसात माझ्या गळ्यात
सुतळीला बांधलेली प्लास्टिकची रिंग असायची.
अठरा मिलिमीटर.
मणी त्यातून खाली पडला तर लोकल,
अडकला तर परदेशी.
एकोणीस हंगाम मी अडकणारे मणी निवडले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून बोट घातलं.
मागच्या वर्षी आरपार जात होतं.
आता मधल्या सांध्याशी थांबलं.
सिंधू गांगुर्डे म्हणाली,
मथुरा, तू एक्स्पोर्टची झालीस गं.
सगळ्या हसल्या. मीही हसले.
बोट काढायला कडेच्या नळावर जावं लागलं.

सकाळी हात माझे नसत.
रात्रीतून कुणी ओल्या रेतीचे मोजे चढवून गेल्यासारखे.
तांब्या दोन्ही मनगटांत धरायचा,
गॅसची चावी ऋतुजाने फिरवायची,
सातला सुटलेली वेणी नऊला घातली जायची.
अंग कढत वाटायचं;
थर्मामीटर म्हणायचा, छे, काही नाही.
सासूबाई म्हणाल्या, वात.
निर्गुडी वाफवली, तिळाचं तेल कोमट केलं,
उशीला आजही त्याचा वास आहे.
दीर म्हणाला, कोल्डस्टोरेजचा गारठा भरलाय.
नवरा काहीच म्हणाला नाही.
टमाट्याची क्रेट आम्ही दोघं मिळून उचलायचो,
ती त्याने एकट्याने उचलली.

मग सिव्हिल. लाल एसटी, त्र्यंबक नाका, केसपेपर.
मथुरा रामनाथ कडलग, वय शेहेचाळीस.
ईएसआर अठ्ठ्याऐंशी, पुढे वर जाणारा बाण.
हिमोग्लोबिन आठ, बाण खाली.
शिरसाठ मॅडमनी एकेक सांधा दाबून पाहिला,
कापणीआधी घड हातावर तोलतात, तसा.
म्हणाल्या,
काटा मोडला की बोट लाल होतं, सुजतं,
काटा निघाला की ओसरतं.
ती सूज आपल्या भल्याची.
तुमच्यात काटाच नाही. सूज तेवढी आहे.
मग छातीला नळी लावली.
मी म्हटलं, दुखतात बोटं, मॅडम.
त्या म्हणाल्या, हे बोटांपुरतं राहत नाही,
रक्त पातळ पाडतं, नसांना आतून खरवडतं,
हृदयापर्यंत जातं.
म्हणजे शेडच्या जिन्यात लागायचा तो दम
वयाचा नव्हता.

मला आमचा वॉचमन पगारे आठवला.
कितीतरी वर्षांपूर्वी एकीच्या डब्यात
पाव किलो थॉम्पसन सापडले होते.
ती गाव सोडून गेली.
तेव्हापासून रोज संध्याकाळी तो आमचे डबे उघडतो,
उरलेला भाकरीचा तुकडा उलटा करून बघतो,
कधी घाईत झाकण वाकवतो, कधी लोणचं सांडतो.
माणूस वाईट नाही.
चोरी संपली, आता बस,
असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

सराफ बाजारात अंगठी कापून घेतली.
सोनार म्हणाला, श्वास धरा.
मी धरला, जसा काही बोटानेच धरायचा होता.
पावणेदोन ग्रॅम, दोन तुकडे,
गुलाबी कागदाची पुडी.
बोटावर अजून एक पांढरं वळं आहे,
तिथे ऊन कधी पडलंच नव्हतं.

गोळी फक्त सोमवारी.
कॅलेंडरवर ऋतुजाने लाल पेनाने गोल केलेत,
चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल, म्हणाल्यात मॅडम.
मंगळवारी मळमळ, बुधवारी जरा बरं.
गुण यायला दोन महिने, कदाचित तीन.
मी आता लेबलं लावते. बसून.
रिंग सिंधूच्या नव्या पोरीकडे गेली,
ती फार भरभर करते, मणी चेपतात,
सांगायचं राहून जातं.

रोज उठले की अंथरुणातच मूठ मिटून बघते
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते.
परवा आठला मिटली.
काल आठ वाजून दहा.
आज सात चाळीस.
बाहेर नवरा ट्रॅक्टर सुरू करतोय,
दुसऱ्या किकला लागत नाही म्हणून बॅटरीला शिव्या घालतोय,
आणि मी मूठ उघडत नाही
अजून थोडा वेळ.