क्षितिज सरळ ठेव

काझी सर दर दहा मिनिटांनी एकच सांगतात :
क्षितिज सरळ ठेव.
माझ्या हातात कॅमेरा, त्यांच्या हातात बाकी सगळं.
पोटात कुठलं आलंय क्षितिज, असं पहिल्या महिन्यात
मी विचारून बसलो होतो. सिस्टर शेंडगे मास्कच्या आत हसल्या.
असतं. यकृताची कड नीट धरायची,
मग पडद्यावरचं जग कलत नाही.

अंबाजोगाई. मार्च. सकाळचे साडेनऊ.
टेबलावर प्रयागबाई तिडके, वय अडतीस,
तेही आधार कार्डाच्या म्हणण्यानुसार.
पित्ताशयात खडे. दोन हंगाम कळा सोसून
आता कारखान्यावरून मधेच आलेली.
बेंबीपाशी बोटाच्या पेराएवढा छेद, गॅस सोडला,
आणि पोट फुगत आलं
विस्तवाला लावलेल्या ज्वारीच्या भाकरीसारखं.
हे मी कुणाला बोललो नाही.
सकाळपासून उपाशी होती ती.

काच कोमट पाण्यात बुडवली, पुसली, आत घातली.
आधी नुसतं धुकं.
मग पिवळी चरबी, हलकेच सरपटणारं आतडं.
सर म्हणाले, खाली बघू एकदा.
मी कॅमेरा ओटीकडे वळवला.
मूत्राशय होतं. त्याच्यामागं जे असायला हवं
ते नव्हतं.
सगळे पडद्याकडे बघत राहिलो.
बेंबीखालच्या जुन्या व्रणापुढं केसपेपरवर लिहिलं होतं :
कुटुंबनियोजन.
अक्षर माझं.

वर, उजवीकडे, पित्ताशय
भोवतालच्या सगळ्याला घट्ट बिलगून बसलेलं.
नळी कुठली, रक्तवाहिनी कुठली, कळेना.
सरांनी चिमटा टेकवला, काढला, परत टेकवला.
हजारावर पित्ताशयं काढलेला माणूस
दोन मिनिटं नुसता उभा.
मग म्हणाले, उघडू या.
आवाजात हरल्यासारखं काही नव्हतं.
मी कॅमेरा खाली ठेवला.
बरगडीखाली वीतभर चीर,
आणि इतका वेळ पडद्यावर होतं ते
माझ्या हाताखाली गरम लागलं.

चौथ्या दिवशी ड्रेसिंग करताना ती म्हणाली,
चार भोकं म्हनला होतात.
मी सांगितलं. सगळं चिकटलं होतं, दिसत नव्हतं,
न बघता कापलं असतं तर जिवावर आलं असतं.
तिनं ऐकून घेतलं.
मग मी विचारलं, पिशवी काढल्याचं सांगितलं का नाहीत?
कामून सांगू? तुम्ही इचारलं, आधी काही आजार?
आजार कुठं होता. खाडे पडायचे.
मुकादम म्हनला, काढून घे. काढली.
बाजूच्या खाटेवरची मावशी मोसंबी सोलत होती,
तिनं मान वर केली नाही.

खडे बाटलीत ठेवले होते, चौदा.
प्रयागबाईनं बाटली कानापाशी हलवली,
उजेडात धरली, म्हणाली,
एवढ्याश्यानं लोळवलं व्हय मला.
मग बाटली उशीखाली सारून विचारलं,
मोळी कधी उचलू?

तीन महिने तरी नाही, मी म्हणालो.
चार भोकांचं झालं असतं तर लवकर.

तिनं बोटांची पेरं मोजली.
चैत, वैशाख, जेठ. थांबली. पुढं मोजत गेली
दसऱ्यापर्यंत.
लई टाइम हाय मग, म्हणाली,
आणि कुशीवर वळायला
माझा हात मागितला.