मुंडीची थैली

झुलाल पाटलाच्या छातीत दोन स्प्रिंगा बसल्या
जळगावच्या दवाखान्यात,
आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्याऐवजी
माझ्याकडे बघत सांगितलं :
मटण नाही, तळण नाही, तूप नाही,
दूधदुभतं असेल तेही सोडा.

एसटीत तो गप्प.
अडावद मागे पडल्यावर म्हणाला,
"मंग खावानं काय?"

चाळीस वर्षं जावळाच्या जेवणांत
तीन दगडांवर पातेली चढवली या माणसानं.
झाकण न उघडता सांगायचा
लवंग जास्त झालीय, मीठ अजून झोपलंय.
अशाला दुधीचा रस कसा पाजायचा?

आधी शेवभाजी.
लेकीनं पाठवलेल्या भट्टीत शेव भाजली,
तेलाचा थेंब नाही, काय कुरकुरीत!
मला वाटलं, जिंकले.
रश्श्यात पडली आणि दोन मिनिटांत विरघळली.
त्यानं वाटीत चमचा रोवला.
चमचा उभा राहिला.
"हाई पिठलं शे," म्हणाला,
आणि पिठलं म्हणून खाल्लं.

बट्ट्या वाफवून निखाऱ्यावर शेकल्या,
वर तुपाऐवजी तिळाचं वाटण.
त्याबद्दल न बोललेलंच बरं.

भरताला हात लावला नाही.
पऱ्हाटीच्या जाळावर सोललं गेलेलं वांगं
जन्मापासून निर्दोष.
फक्त तेलाची वाटी गेली, पळी आली.

मग एका सकाळी धानोऱ्याच्या वाटेवर
केळीच्या बागेत रेलाबाई दिसली,
घड सुटले की खालची फुलं मोडत होती,
बांधावर जांभळा ढीग.
चार मागितली.
"काकू, हे तर बकऱ्या खातात!"
म्हटलं, तेच.
बकरी खाते ते मी त्याला घालणार,
मधली बकरी वगळून.

दुपारभर बसले.
पाकळी उचला, खालच्या फण्या काढा,
एकेका फुलातली ताठ काडी ओढा,
हळदमिठाच्या पाण्यात बुडवा.
हाताला तेल लावूनही बोटं काळी.
केळीचा डाग जात नाही,
लुगड्याचा पदर अजून सांगतो.

कांदा निखाऱ्यात पुरला, खोबरं जाळलं,
दगडफूल, शहाजिरं, खसखस,
शेंगदाणे मूठभर, तर्री दाटावी म्हणून.
पाट्यावर वाटताना तो ओसरीवरून ओरडला,
"कांदा कच्चा शे! वासच सांगस!"
उठला. पंधरा दिवसांनी उठला.
मला बाजूला सारून
कांदा परत निखाऱ्यात घातला,
फुंकणीनं राख उडवली,
डोळ्यांत गेली त्याच्या, माझ्याही.

संध्याकाळी कळण्याची भाकरी, काळा रस्सा.
त्यानं फोड उचलली, दाताखाली धरली,
रेषा रेषा सुटल्या.
हाड शोधत जीभ फिरली थोडा वेळ,
ते मी बघितलं.
नळी नव्हती चोखायला.
बोटं नुसतीच ताटाच्या काठावर.

"हाई मटन नई शे."
"नाही."
बराच वेळ काही नाही.
शेजारच्या सोनारांच्या घरी
कुकरची शिट्टी झाली.
"थोडा रस्सा वाढ आखो."

मी काही मनाशी धरलं नाही.
रात्री झोपेत तो कुणाला तरी सांगत होता,
सत्तर किलोला मीठ किती.

परवा मात्र न सांगता सायकल घेऊन गेला.
डॉक्टरीणबाईंनी तेही मना केलंय.
ऊन चढल्यावर परतला, घामेजलेला,
कॅरेजला ती जुनी रेक्झिनची थैली,
ज्यातून बाजाराच्या दिवशी मुंडी यायची.
माझा हातच थांबला.

त्यानं थैली ओट्यावर उपडी केली.
तीन केळफुलं घरंगळली,
जांभळी, जड, दव अजून चिकटलेलं.

"कवळी देखीसन आनी," म्हणाला,
"तू मागे आनी ती जून होती."