नाळे बा

उद्यमबागेत आधी गुरुवार बंद झाला, मग बुधवार.
बाबा तरी डबा घेऊन निघायचेच.
तिसऱ्या गेटपाशी सायकली टेकवून
भुजंगकाका, कल्लाप्पा, मीरासाब
एकाच वर्तमानपत्रावर डबे पालथे करत,
कुणाच्यात काय नाही ते कळू नये म्हणून.

आईनं गॅस पाहुण्यांपुरता ठेवला.
फौंड्रीच्या राखेत कोक सापडे, तो मी वेचून आणायचो.
चहात गूळ. दूध फाटायचं.
फाटलं तर फाटलं, पी की, म्हणायची,
वडगावच्या साड्यांना गोंडे बांधता बांधता.
पदराला बारा रुपये. दिवाळीनंतर सात.

फ्रीजचे हप्ते राहिले होते.
शेजारची गंगव्वा म्हणाली,
भूत येत असेल तर दारावर लिहायचं, नाळे बा.
उद्या ये.
ते वाचतं, परत जातं,
उद्या आलं की पुन्हा तेच वाचतं.
मला कानडी येत नव्हतं.
तिच्या दाराचं बघून बघून
चित्र काढावं तसं खडूनं काढलं.

पाच तारखेला हप्तेवाला आला.
वाचलं.
पाणी मागितलं, उभ्यानंच प्यायला.
मग माझ्या हातातला खडू घेऊन
'ळे' तेवढा नीट करून दिला
नि गेला.

सहाला आला नाही. नंतर कधीच.

उन्हाळ्यात बाबा सांगत होते,
गेटपाशी डब्याला एक नवा माणूस बसतो अलीकडे.
भाकरी कोरडीच आणतो,
पण सगळ्यांचे अर्ज लिहून देतो कानडीत.
अक्षर काय सुंदर आहे रे त्याचं.