मध्यंतर

दांडिया बाजारातली आमची फिल्म सोसायटी:
जुना प्रोजेक्टर, अडतीस लोखंडी खुर्च्या,
आणि तिसऱ्या रांगेत देवोता,
युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकायला रवांडाहून आलेली.
आमचे मुजुमदार तिला देवता म्हणतात. ती दुरुस्त करत नाही.

सिनेमा तिच्याच देशावरचा होता.
मीच निवडला. तिला बरं वाटेल, म्हणून.
मारेकरी पडद्यावर यायच्या आधी ढोल वाजायचे,
त्यांचे डोळे लाल, त्यांची बायकापोरं कुठेच नाहीत.
शेवटी एका ट्रकमधून बावन्न माणसं वाचली.
मुजुमदारांनी चष्मा पुसला. मीही.
दिवे लागले तेव्हा आम्ही सगळे त्या ट्रकमध्ये होतो.
नाही, आम्हीच तो चालवत होतो.

मग सेव-उसळीच्या गाडीवर तिला विचारलं,
कसा वाटला?
पाव तर्रीत बुडवून ती बराच वेळ तसाच धरून राहिली.
म्हणाली, ढोल नव्हते.
रेडिओ होता. नावं वाचायचा, मधे गाणी.
आलेल्यांत माझे गणिताचे मास्तर होते.
घामाघूम व्हायचे, संध्याकाळी दमून घरी जायचे,
बायको पाणी द्यायची,
सकाळी पुन्हा हजर. शंभर दिवस.
मध्यंतर नव्हतं.

आणि ट्रक?
आला होता ना. थांबला नाही.

विश्वामित्रीच्या पुलावर
माणसं मगर बघायला कठड्याला रेलली होती.
देवोतानं नदीकडे मान वळवली नाही.

त्या रात्री मला झोप लागेना.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी
इस्माईलभाईंचं घड्याळांचं दुकान होतं.
संचारबंदीच्या आदल्या रात्री त्याचं शटर उचकटलं गेलं,
तेव्हा मला दोन आवाज ओळखू आले होते,
एक शटरचा,
एक हसण्याचा. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा तो,
अजून दिसला की स्कूटरवरून हात करतो.
मी टीव्हीचा आवाज वाढवला.
माझं मनगटी घड्याळ आत दुरुस्तीला होतं.
खरं सांगतो, पहिला विचार त्याचाच आला.

ढोल वाजले नाहीत.
म्हणून मला काही कळलंच नाही, असं मी इतकी वर्षं
अगदी मनापासून सांगत आलोय.

पुढच्या महिन्याचा सिनेमा ठरवायचाय.
मुजुमदार म्हणतात, असाच आण एखादा, हलवून टाकणारा.
वर्गणीच्या वहीत
देवोताच्या नावापुढचा रकाना
या वेळी कोरा आहे.