तिसरं भोक

सांगलीच्या मार्केट यार्डात, सात नंबरच्या गोदामात
एकवीस वर्षं पोती शिवते मी.
भोक बघून सांगते कुणाचं ते.
हमालाच्या हुकाचं लांबट, एका अंगाला ओढलेलं.
तोलाईवाल्याच्या बंबीचं गोल, पैशाएवढं.
आणि हे तिसरं,
कडेला ताग पिंजलेला, खाली शाळूचा भुगा.

तिसरं पूर्वी आठवड्याला एखादं यायचं.
तेव्हा धामण होती.

थप्पीच्या मागं, मोरीच्या तोंडाशी राहायची.
शटर अर्धं खाली आलं की निघायची,
भुईमुगाच्या पोत्यांवरून अशी जायची
जसं कुणी सुतळीचा तोडा हळूच ओढून घेतंय.
मी दाभण खाली ठेवायची.
ती तिच्या कामाला, मी माझ्या घरी.

हमाल आणि तोलाईवाले, यांचं कधीच जमलं नाही.
चहाची किटली वेगळी. दसऱ्याला नारळ वेगळा,
तिकडं काट्याला, इकडं हुकांना.
रायाप्पा कोरे म्हणणार, सिदूची माणसं पोती आपटतात.
सिदू ऐवळे म्हणणार, काट्याला पण पोट असतंय.
एकाच नळावर दोन रांगा.

पण धामण दिसली त्या दुपारी
रायाप्पा ओरडला आणि सिदू काठी घेऊन धावला,
कुणी बॅटरी धरली, कुणी पोती सरकवली,
हमालाच्या हातात तोलाईवाल्याचा गज.
एकवीस वर्षांत तेवढीच एक दुपार
दोन्ही टोळ्या एकत्र राबल्या.
नंतर सगळ्यांनी एकाच किटलीतला चहा घेतला.
मलाही दिला. मी घेतला,
खोटं कशाला बोलू.

पौषात तूट निघाली.
पोत्यामागं दीड किलो, मग दोन.
हमाल म्हणाले, काटा मारलाय.
तोलाईवाले म्हणाले, हमालांच्या डब्यात बघा.
डबे उघडले. सिदूच्या डब्यात भाकरी, ठेचा
आणि पोरीनं घातलेली बोरं.
ती बोरं जमिनीवर सांडली तेव्हा
कुणीच कुणाकडं बघितलं नाही.
चार दिवस गोदाम बंद.

मी म्हणाले, भोकं बघा.
"मैनाक्का, तू शीव."

शिवते. दिवसाला चाळीस, कधी साठ.
रात्री थप्पीच्या आत खुडबुड चालते,
भरल्या बाजारासारखी.

परवा मोरीच्या तोंडाशी कात सापडली.
वीतभर. कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
खवले बोटाला लागत होते.
शेठनं त्याच दिवशी अर्धं घमेलं सिमेंट पाठवलं,
"मोरी लिंपून टाक, किडं येतंय."

लिंपली, म्हणून सांगितलं.
त्या सिमेंटनं बाहेरची पायरी नीट केली,
दोन्ही टोळ्या ठेचकाळायच्या तिथं.
मोरीपुढं एक फाटकं पोतं टांगलंय,
त्याला खाली एक भोक आहे.

ते मी शिवत नाही.