तिसऱ्या दिवशीचं खतखतं

यंदा चवथीला धावपळ करायची नाही, ठरवलंच होतं.
आषाढातच विजेच्या बिलामागे मांडून ठेवलं:
माणसं सतरा, नारळ बावीस.
नेवऱ्या आठ दिवस आधी,
डबा कपाटावर, वेदूचा हात पोचणार नाही असा.
पातोळ्यांचं पीठ धाकट्या जावेकडून, शिरोड्याहून.
हळदीची पानं आदल्या संध्याकाळी पुसून ओल्या फडक्यात.
माटोळी बांधणं उल्हासकडे,
आणि बांधताना ओरडणं कुणाकडेच नाही.

कुंदावन्सं हसल्या. म्हणाल्या, तुझ्या बँकेत असतं तसं
टोकन नंबरही दे आम्हांला.

पण जमलं.
साडेबाराला पानं वाढली, आरतीचा कापूर अजून हाताला वासत होता.
मुगागाठी, अळसांद्याचं तोणाक, वाफेने ओल्या पातोळ्या,
आणि कुणी मीठ मागायच्या आत मीठ.
बारा वर्षांत पहिल्यांदा
मी बसून, गरम जेवले.

चुकलं ते खतखतं.
खतखतं सतराजणांचं होतच नाही.
निरफणस एक घ्यावा तर तो सुपाएवढा निघतो,
मग त्याच्या मापाने मुळा, सुरण, मक्याची कणसं, चिटकी,
आणि भांडं आपलं आपणच भरत जातं.
रात्री झाकण काढलं तर अर्धं तसंच.
यादीत खाली लिहिलं होतं ‘उरलं तर’
आणि पुढे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी दोनदा कढ दिला.
पातोळ्या चिरून तुपावर परतल्या, कडा करपेपर्यंत,
पोरांना त्या कालच्यापेक्षा आवडल्या.
संध्याकाळी नदीवर गणपती पोचवून आलो
तेव्हा चौरंग केवढा मोठा वाटला.
माटोळी सोडली. तवशी खाली आली, तिची तवसळी होणार.
रानफळं पाण्याला दिली.
दोऱ्या मात्र लोंबत राहिल्या, कुणाचा हातच जाईना.

तिसऱ्या सकाळी पातेल्यात निरफणस दिसेनासा झाला होता,
सगळं एकमेकांत गेलेलं,
फक्त कणसाचे तुकडे ओळखीचे.
कुंपणापलीकडून आर्सुला रिकामी वाटी घेऊन हजर.
‘आज तिसरो दीस मगो?’
पहिल्या दिवशी ती कधीच मागत नाही. हुशार बाई.
उल्हास बांगड्यांसाठी पिशवी घेऊन निघालेला,
त्याला म्हटलं, आधी हे संपव.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर.
शाणूभावोजी. डोक्यावर हेल्मेट तसंच.
कुळागराच्या वाटणीपासून नऊ वर्षं
या पायरीला त्यांचा पाय लागला नव्हता.
म्हणाले, इथून जात होतो.
मी काही बोलले नाही.
आमचा रस्ता आमच्या विहिरीशी संपतो.
पुढे कुणी कुठे जात नाही.

जेवून आलोय, म्हणाले.
मी पाट मांडला. शिळं आहे, म्हटलं.
सणाचं काहीच उरलं नव्हतं, ना मूर्ती, ना गोडाचं पान,
फुलंसुद्धा तांबूस पडलेली.
भात, आणि त्यावर ते तीनदा कढलेलं.
उल्हास दारात पिशवी धरून उभा,
बसावं की बांगडे आणावेत, कळेना त्याला.

भावोजींनी पहिला घास घेतला.
बराच वेळ चावत राहिले.
मग पानाकडे बघतच म्हणाले,
‘तिरफळं कमी पडलीत.’

एरवी मला राग आला असता.
उल्हासने पिशवी खाली ठेवली,
फळीवरून तिरफळांची बरणी काढली, दोन दाणे चेचले,
आणि न विचारता
भावाच्या पानात टाकले.

जाताना नेवऱ्या दिल्या बांधून.
घरात प्लॅस्टिकचे डबे होते, पुष्कळ,
परत न आले तरी चालतील असे.
मी स्टीलचा काढला, झाकणावर नाव कोरलेला.